पिकलिंग पेस्टच्या डब्यावर कवटी हवी की नको?

स्टोअरवाली_मकरपुरा

नमस्कार मंडळी. मी बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील फॅब्रिकेशनच्या एका वर्कशॉपमध्ये नोकरीला आहे. स्टोअर आणि क्वालिटी दोन्ही माझ्याकडे. आमच्याकडे डेअरीच्या आणि फार्माच्या टाक्या बनतात. वेल्डिंग झालं की जॉइंटच्या दोन्ही बाजूंना निळा-काळा पट्टा येतो, तो काढायला पिकलिंग पेस्ट मारतात. पांढरी, दाटसर, ब्रशने लावायची, थोडा वेळ ठेवून पाण्याने धुवायची.

इतके दिवस एका पार्टीकडून माल यायचा. त्यांच्या डब्यावर काळा-पांढरा चौकोन, हातावर आणि धातूच्या पट्टीवर थेंब पडतायत ते चित्र, खाली ८ आकडा आणि इंग्रजीत ‘कोरोसिव्ह’. बाकी काही नाही. आता दुसऱ्या पार्टीचा माल आला आहे. त्याच्या डब्यावर लाल किनारीचे चौकोन, एकात तेच थेंबांचं चित्र आणि दुसऱ्यात चक्क कवटी. खाली लिहिलंय की त्वचेला लागल्यास जीवघेणं. सोबतच्या सेफ्टी डेटा शीटमध्ये (मालाच्या धोक्यांचा माहितीपत्रक, त्यात) नाइट्रिक ॲसिड २० टक्के, हायड्रोफ्लोरिक ॲसिड ५ टक्के. जुन्या पार्टीच्या कागदावर नुसतं ‘ॲसिडचं मिश्रण’.

जुन्या पार्टीला फोन केला तर म्हणाले, “ताई, माल तोच आहे, त्यांनी एक्स्पोर्टचं लेबल लावलंय, घाबरू नका.” शेठ म्हणतात, कवटी बघून पोरं कामाला हात लावणार नाहीत, वरून कागद चिकटवून टाक. मला ते पटत नाही, पण शेठना सांगायला माझ्याकडे ठोस काही हवं.

दुसरी गोष्ट मला जास्त खुपते. मोठ्या डब्यातून पेस्ट काढून हेल्पर ती हाताला येईल त्या भांड्यात घेतात. काल टाकीच्या आत श्रीखंडाचा रिकामा डबा दिसला, अर्धा पेस्टने भरलेला, झाकण नुसतं ठेवलेलं, आणि डब्यावर केशर-पिस्त्याचं चित्र. शेजारीच पोरांचे जेवणाचे डबे. त्या छोट्या भांड्यांवर काय लिहायचं, कुठल्या भाषेत? आमच्याकडे बिहारची, यूपीची आणि दाहोदकडची पोरं आहेत.

निवृत्त_सेफ्टी

ताई, कवटी बरोबर आहे. वरून कागद चिकटवू देऊ नका. शेठना दाखवायला हिशेबच देतो.

बडोद्याजवळच्या नंदेसरी-रणोली केमिकल पट्ट्यात माझी सगळी नोकरी सेफ्टीत गेली. हायड्रोफ्लोरिकइतका फसवा माल मी दुसरा पाहिला नाही. रसायनांचे धोके श्रेणीनुसार ठरवून लेबल लावायची संयुक्त राष्ट्रांची जीएचएस पद्धत २००३ साली प्रसिद्ध झाली, लाल किनारीचे चौकोन तिचेच. त्यात मिश्रणाचं वर्गीकरण अंदाजाने करत नाहीत, गणिताने करतात. युरोपच्या अधिकृत यादीत हायड्रोफ्लोरिक त्वचेवाटे होणाऱ्या विषबाधेत श्रेणी १ मध्ये आहे. श्रेणी १ साठी हिशेबाला शरीराच्या वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम हा विषाच्या मात्रेचा आकडा धरतात; तो जितका लहान तितकं विष जहाल. पेस्टमध्ये ते ५ टक्के असेल तर ५ ला ५ ने भागून शंभरने गुणा, मिश्रणाचा आकडा येतो १००. आता श्रेण्यांच्या मर्यादा बघा: ५० पर्यंत श्रेणी १, २०० पर्यंत श्रेणी २, १००० पर्यंत श्रेणी ३. तुमची पेस्ट श्रेणी २ मध्ये बसली. श्रेणी १ असो की २, लेबलवरचं वाक्य एकच, ‘त्वचेला लागल्यास जीवघेणे’. चित्र कवटीचं, आणि इशारा ‘धोका’.

हायड्रोफ्लोरिक अडीच टक्क्यांच्या खाली गेलं तर वाक्य सौम्य होऊन ‘विषारी’ होतं, पण कवटी तेव्हाही राहते. ती जायला अर्ध्या टक्क्याच्याही खाली यावं लागेल, आणि तेवढ्या पातळ पेस्टने वेल्डचा पट्टा निघेल असं मला वाटत नाही. म्हणजे माल खरोखर ‘तोच’ असेल, तर चूक जुन्या पार्टीच्या लेबलात आहे.

शेठना हेही सांगा की श्रेणी २ म्हणजे मधलं काहीतरी, असं नाही. जीएचएसमध्ये श्रेणीचा आकडा जितका लहान तितका धोका मोठा. टाक्यांवर निळा-लाल-पिवळा-पांढरा चौकोन असतो ना, त्या अमेरिकन एनएफपीए पद्धतीत नेमकं उलटं, तिथे ४ सगळ्यात वाईट. दोन्ही पद्धती एकाच आवारात असल्या की पोरांचा घोळ होतो. मी कारखान्यात दोन्ही तक्ते कधी शेजारी लावू दिले नाहीत.

जुन्या डब्यावरचा काळा-पांढरा चौकोन वाहतुकीचा आहे. वर्ग ८ म्हणजे गंजवणारा माल. तो ट्रकवाल्यासाठी आणि फायर ब्रिगेडसाठी. डबा उघडणाऱ्या माणसाला त्यातून विषाबद्दल काहीच कळत नाही. खरं तर अशा पेस्टला वाहतुकीतही सहसा ८ च्या जोडीला ६.१ चा विषाचा चौकोन लागतो, यूएन नंबर २९२२ खाली. तुमच्या नव्या शीटचा १४ वा भाग उघडा, तिथे काय लिहिलंय बघा.

आणि कायद्याचं म्हणाल तर एक्स्पोर्टचा इथे काही संबंध नाही. भोपाळनंतर, १९८९ साली, आपल्याकडे धोकादायक रसायनांचे नियम आले. त्यातला नियम १७ सांगतो की धोकादायक रसायनाच्या प्रत्येक डब्यावर आत काय आहे, बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि त्याची भौतिक, रासायनिक व विषारीपणाची माहिती स्पष्ट हवी. ‘ॲसिडचं मिश्रण’ एवढ्यावर भागत नाही.

गोरवा_फॅब

काकांचा मान ठेवून बोलतो. मी स्वतः वेल्डर होतो, आता छोटं युनिट चालवतो. पेस्ट आम्ही रोज मारतो. हाताला लागली तर पाण्याने धुतो, थोडं चुरचुरतं, संपलं. नाइट्रिक आमच्याकडे सांडलंय, त्याने चामडी पिवळी पडते, ते सगळ्यांना माहीत आहे. पण ‘जीवघेणं’ लिहिलं तर माणूस ब्रश टाकून जाईल, आणि काम तर करायचंच आहे. लेबलवर खरं ते लिहा, पण माणूस काम करू शकेल असं लिहा. घाबरलेल्या हातून जास्त सांडतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

ओएचसी_सिस्टर

दादा, तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. पण “थोडं चुरचुरतं, संपलं” हे मी तसंच सोडू शकत नाही.

मी एका कारखान्याच्या आरोग्य केंद्रात नर्स आहे. नाइट्रिकचं भाजणं लगेच कळतं. पातळ हायड्रोफ्लोरिकचं कळत नाही. वीस टक्क्यांच्या खाली असेल तर दुखायला चोवीस तासांपर्यंत उशीर होऊ शकतो, आणि तोवर कातडी जवळजवळ नेहमीसारखी दिसते. फ्लोराइड आत उतरतं, पेशींमधलं कॅल्शियम पकडतं, हाडापर्यंत जातं. मोठ्या भागावर पडलं तर रक्तातलं कॅल्शियम खाली येतं आणि हृदयाची लय बिघडते. ‘जीवघेणे’ हा शब्द त्यासाठी आहे. तुमच्या पेस्टमध्ये दोन्ही ॲसिडं आहेत, त्यामुळे नाइट्रिकची चुरचुर थांबली की माणसाला वाटतं झालं.

आता हा मुलगा रात्री खोलीवर जातो. बोटाचं टोक ठणकायला लागतं, नखाखाली जास्त. तो कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे जातो आणि म्हणतो, “ॲसिड लागलं.” डॉक्टर भाजल्याचं मलम आणि दुखण्याची गोळी देतात. त्यांचं काय चुकलं? कुठलं ॲसिड ते त्यांना कोणी सांगितलंच नाही. हायड्रोफ्लोरिक हे नाव कळलं असतं तर उपचार कॅल्शियमचा झाला असता. म्हणून स्टोअरताई, माझ्या दृष्टीने लेबलवर चित्रापेक्षाही महत्त्वाचं आहे ते हे एक नाव. आणि त्या नावाची चिठ्ठी प्रत्येक पोराच्या खिशात हवी, जी तो डॉक्टरसमोर ठेवू शकेल.

वर्कशॉपमध्ये अडीच टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल ठेवा, मुदत तपासून, जिथे पेस्ट मारतात तिथेच, ऑफिसच्या कपाटात नको. लागलं की हातमोजे-कपडे उतरवून वाहत्या पाण्याखाली धरा. जेल हाताशी असेल तर पाच मिनिटं धुऊन लगेच चोळायला घ्या, नसेल तर पंधरा मिनिटं धुवत राहा. चोळणाऱ्याने स्वतः मोजे घालायचे. दुखणं थांबेपर्यंत चोळायचं, थांबल्यावरही आणखी पंधरा मिनिटं, आणि तरीही दवाखान्यात न्यायचं. भूल देऊन दुखणं दाबू नये, कारण जेल काम करतंय की नाही हे दुखण्यावरूनच कळतं. डोळ्यात गेलं तर जेल नाही, फक्त पाणी आणि थेट हॉस्पिटल.

कापडी किंवा चामड्याचे मोजे घालून पेस्ट मारत असाल तर आजच बंद करा. ते भिजतात आणि माल कातडीला धरून ठेवतात. पातळ डिस्पोजेबल नाइट्राइलही नको. निओप्रीनचे, कोपरापर्यंतचे घ्या, आणि घालण्याआधी हवा भरून भोक आहे का बघा.

गोरवा_फॅब

सिस्टर, नखाखालच्या ठणक्याचं वाचलं आणि थांबलो. आमच्या एका मुलाने रात्रभर झोप नाही म्हणून सांगितलं होतं, ते आम्ही ग्राइंडिंगचं समजलो. जेल बडोद्यात तयार मिळतं का?

ओएचसी_सिस्टर

सेफ्टीचं सामान विकणाऱ्यांकडे आणि मोठ्या केमिस्टकडे विचारा, नसेल तर मागवून देतात. तोवर पेस्टचं काम थांबवलेलं बरं. त्या मुलाचं बोट डॉक्टरांना दाखवलं नसेल तर दाखवून घ्या, जाताना पेस्टची शीट सोबत न्या.

स्टोअरवाली_मकरपुरा

काका, तो ५ आणि १०० चा हिशेब कागदावर मांडून शेठच्या टेबलावर ठेवला. त्यांनी दोनदा वाचला आणि कागद चिकटवायचं बोलणं बंद केलं. सिस्टर, जेलची ऑर्डर टाकली.

छोट्या भांड्यांसाठी मजकूर केला आहे, जरा बघा. हिंदी आणि गुजराती दोन्हीत छापणार. वर कवटी आणि थेंबांचं चित्र. मग: “पिकलिंग पेस्ट. धोका. त्वचेला लागल्यास, श्वासात गेल्यास, गिळल्यास जीवघेणे. गंभीर भाजते. हातमोजे, चष्मा, फेसशील्ड वापरा. अन्नापासून दूर ठेवा. लागल्यास पाण्याने धुवा, जेल लावा, डॉक्टरकडे जा. हायड्रोफ्लोरिक ५ टक्के, नाइट्रिक २० टक्के.” श्रीखंडाचे डबे सगळे उचलून फेकले, जाड प्लॅस्टिकचे लाल झाकणाचे बरण्यासारखे डबे आणले.

निवृत्त_सेफ्टी

चांगलं केलंत. थोडे बदल सुचवतो.

हायड्रोफ्लोरिक तळाला आहे, ते वर आणा, मालाच्या नावाच्या लगेच खाली आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरात. सिस्टरनी सांगितलेलं कारण तुम्हाला पटलंच आहे. “गिळल्यास जीवघेणे” हे तुमच्या टक्केवारीला जास्त होतं. गिळण्याच्या हिशेबात ही पेस्ट श्रेणी ३ मध्ये येते, तिथे ‘विषारी’ लिहायचं. श्वासाचं वाक्य शीटच्या दुसऱ्या भागात जसं आहे तसंच उचला. लेबलवर वाढवून लिहू नये, कमीही करू नये. एक वाक्य फुगवलेलं निघालं की कारागीर बाकीच्यांवरही विश्वास ठेवत नाही. गोरव्याच्या दादांचा मुद्दा मला तिथे शंभर टक्के मान्य आहे. बनवणाऱ्याचं नाव राहिलं आहे, तेही घाला.

लेबल झाकणावर लावू नका. झाकणं संध्याकाळपर्यंत अदलाबदल होतात. अंगावर लावा, आणि ब्रश टेकवतात त्या बाजूला नको, कारण ओघळ नेमका तिथूनच येतो. साधा कागद आणि शाई ॲसिड खाऊन टाकतं. प्लॅस्टिकचं स्टिकर घ्या, वरून पारदर्शक पट्टी, आणि दर सोमवारी तुम्ही स्वतः वाचून बघा. वाचता येत नसेल तर त्या दिवशी तो डबा वापरात नाही.

काचेच्या बरण्या कोणी आणल्या तर परत पाठवा, हायड्रोफ्लोरिक काच खातं. पत्र्याचे डबेही नकोत. वापरून उरलेली पेस्ट मूळ डब्यात परत ओतायची नाही. टाकीच्या आत पेस्ट मारताना हवा खेळती हवी, नाइट्रिकचा पिवळट-तपकिरी धूर फुफ्फुसाला तासांनंतर त्रास देतो, तेव्हाही माणूस सुरुवातीला ठीकच दिसतो.

स्टोअरवाली_मकरपुरा

बदल करून प्रिंटरला पाठवते. जुन्या पार्टीचे काही डबे अजून रॅकवर आहेत, न उघडलेले. त्यांचं काय करू? टक्केवारीच माहीत नाही.

निवृत्त_सेफ्टी

लेखी मेल टाका: पूर्ण शीट द्या, भाग ३ मध्ये प्रत्येक ॲसिडचं नाव आणि टक्केवारी, नाहीतर माल परत घ्या. उत्तर येईपर्यंत ते डबे वेगळे, ट्रेमध्ये, कुलपात ठेवा, आणि त्यांच्यावर नव्या पेस्टचं कवटीचंच लेबल लावा, टक्केवारीच्या जागी ‘माहिती मागवली आहे, वापरू नये’ असं लिहून. परत पाठवायची वेळ आली तर ट्रकवाल्यालाही कागद द्यायचा आहे, त्याची यादी मी तुम्हाला वेगळी पाठवतो.