वय 68, टेस्टोस्टेरॉन 290 : इंजेक्शने सुरू करावीत का?

नमस्कार. गेल्या दीड वर्षापासून मला लवकर थकवा येतो, जिना चढताना पाय जड होतात आणि कामेच्छाही ओसरली आहे. हे शेवटचे लिहिताना संकोच वाटतो, पण ते वगळून प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. तपासणीत एकूण टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) प्रति डेसिलिटर 290 नॅनोग्रॅम आले आणि डॉक्टरांनी त्याचीच इंजेक्शने सुचवली.

माझे रक्त दुपारी चार वाजता, जेवणानंतर घेतले होते. वास्तविक सकाळी, उपाशीपोटी आणि वेगवेगळ्या दिवशी दोनदा तपासल्याशिवाय कमतरतेचे निदान करू नये, असा संकेत आहे. शिवाय या संप्रेरकाचा मोठा भाग रक्तातील एसएचबीजी या प्रथिनाला बांधलेला असतो. हे प्रथिन वयाबरोबर वाढते, पण स्थूलपणात घटते. आणि माझे पोट चांगलेच सुटलेले आहे. तेव्हा एकूण आकडा कमी दिसला, तरी मुक्त, म्हणजे प्रथिनांना न बांधलेले, टेस्टोस्टेरॉन पुरेसे असण्याची शक्यता उरते ना?

खरी अडचण थकव्याची आहे. 65 वर्षे व त्याहून अधिक वयाच्या 790 पुरुषांवरील अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील पुरुषांची पातळी 275 च्या खाली, म्हणजे माझ्याहूनही कमी होती. वर्षभर टेस्टोस्टेरॉनचे जेल लावल्यावर त्यांच्या लैंगिक आरोग्यात मध्यम सुधारणा झाली, पण थकव्यावर ठळक परिणाम दिसला नाही. मग माझा थकवा इंजेक्शनाने जाईल, ही आशा कशाच्या आधारावर धरायची? टेस्टोस्टेरॉन उपचार हृदयासाठी सुरक्षित आहे का, हे पाहणाऱ्या 2023 च्या ‘ट्रॅव्हर्स’ चाचणीत हृदयविकाराचा झटका व पक्षाघात वाढले नाहीत, हे दिलासादायक आहे. मात्र हृदयाच्या अनियमित ठोक्यांचे प्रमाण उपचार घेणाऱ्यांत अधिक आढळले, आणि माझी नाडी मधूनच चुकते.

कदाचित मी कार्यकारण उलटे धरत असेन. वाढलेले वजन, अपुरी झोप, जुने आजार यांनीही ही पातळी खाली येते, त्यामुळे कमी आकडा हे माझ्या प्रकृतीचे कारण नसून तिचा परिणामही असू शकतो.

इंजेक्शनांपूर्वी मुक्त टेस्टोस्टेरॉन, एलएच आणि प्रोलॅक्टिन (मेंदूतील पियुषिका ग्रंथीची संप्रेरके) तपासून घ्यावे का? हाडांसाठी पुरुषांनाही इस्ट्रोजेन लागते, म्हणून एस्ट्राडायोल (इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार) पाहणे उपयोगी ठरेल का? आणि केवळ वजन कमी करून ज्यांचा आकडा व उत्साह दोन्ही सावरले, त्यांना किती महिने लागले, हे कृपया सांगावे.