अनुभव धागा: ‘प्रभूने सांगितलं’ हे ओळखायचं कसं?

जय ख्रिस्त मंडळी. परवा आमच्या घरगुती प्रार्थनेत हा विषय निघाला आणि चहा गार झाला तरी संपेना. सगळ्याची पारख करा, असं प्रेषित पौल बायबलातल्या पत्रात थेस्सलनीकाकरांना लिहितो. योहानही तेच बजावतो. पण प्रत्यक्ष निर्णयाची वेळ येते तेव्हा ही पारख करायची कशी? उपदेश नको, घडलेलं लिहा. चुकलेलं असेल तर आधी ते.

माझंच सांगतो. पुण्याच्या नोकरीचं पत्र आलं तेव्हा डोळे मिटून बायबल उघडलं आणि बोट ठेवलं. निघाला अब्राहाम: आपला देश सोडून जा. मी बॅग काढली. आजोबा म्हणाले, “परत उघड बघू.” उघडलं तर वंशावळ, अमक्याला तमका झाला. “आता काय, लग्न करतोस?” शेवटी पुण्याला गेलोच, पण पगार, आईची तब्येत, सगळं घरात बसून बोलल्यावर.

मावशीची भाची
मावशीला बीपी. तीनेक वर्षांपूर्वी बाहेरगावचे एक प्रचारक आले होते, दोन दिवस सभा. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “तू बरी झालीस, आता गोळी घेणं म्हणजे अविश्वास.” मी शेजारीच होते. गाणी, रडणं, अंगावर काटा. तो काटाच मला पुरावा वाटला. मावशीने गोळ्या बिस्किटाच्या डब्यात टाकल्या आणि डबा फडताळात वर ठेवून दिला. नवव्या दिवशी भाकरीचं पीठ मळताना चक्कर आली, परातीवरच कोसळली. दवाखान्यात वरचा आकडा २१०. प्रचारकांना फोन केला तर म्हणे, विश्वास कमी पडला.

त्या उत्तराने मी चारही शुभवर्तमानं (बायबलातली येशूची चरित्रं) पुन्हा वाचायला घेतली. तुझा विश्वास कमी म्हणून तू बरा झाला नाहीस, असं येशू एकाही आजाऱ्याला म्हणालेला सापडला नाही. लूक तर स्वतः वैद्य. आणि पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे, असं पौल तीमथ्याला सांगतो, अविश्वासी म्हणत नाही. आता कुणी घाई करायला लागलं आणि वर भीतीही घातली, की मी तिथंच थांबते.

टॉवेलवाला
अक्कलकोट रोडला टॉवेलच्या तपासणीवर २६ वर्षं काढली. सुरुवातीला फाटलेलं तेवढं दिसायचं. पुढं पुढं नुसता उलटा हात फिरवला तरी ओढलेला धागा बोटाला लागायचा. इब्री लोकांस पत्रात चांगलं-वाईट कळायला सराव लागतो असं आहे ना, ते मला कारखान्यात कळलं. पण एक गोची झाली. तोच हात मी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, फिरवायला लागलो. प्रत्येक उपदेशात चूक, प्रत्येक साक्षीत खोट. एका रविवारी बायको म्हणाली, “तुमच्या हाताला चांगला टॉवेल कधी लागतच नाही का?” ते अजून टोचतंय.

मागच्या बाकावर
थोडं वेगळं बोलतो. पाळकांचं ऐकायचंच नाही, असंही नको. मी व्याजाने पैसे काढून दुकान टाकणार होतो, ‘प्रभूचीच इच्छा’ म्हणून. पाळकांनी एवढंच विचारलं, “प्रभूची की मेहुण्याची?” वाचलो.

हुतात्माचा प्रवासी
पुण्याला जाताना हुतात्मा एक्सप्रेस केडगाव ओलांडते तेव्हा दर वेळी तिथं मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाई आठवतात. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण पटल्याशिवाय मान्य काहीच करायच्या नाहीत. ज्यांनी धर्म दाखवला त्यांच्याशीही पत्रांतून वाद घातला. आणि पुढं त्यांनीच लिहून ठेवलं की ख्रिस्ती धर्म तर मिळाला होता, खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी उमगलं. रमाबाईंना आठ वर्षं लागली, आणि आपल्याला रविवारच्या उपासनेतून बाहेर पडायच्या आत उत्तर पाहिजे! मी मुलीच्या स्थळाबद्दल चार महिने प्रार्थना करतोय, अजून काही स्पष्ट नाही. मुलीला विचारायचं मात्र राहून गेलं होतं, ते गेल्या आठवड्यात केलं.

टॉवेलवाला
भाची, मावशी आता कशी आहे?

मावशीची भाची
बरी आहे काका. डबा खाली आला. रोज सकाळी गोळी हातात धरून प्रार्थना करते, मग घेते. प्रार्थना मात्र लांबते, चहा थांबून राहतो आमचा.