दुष्काळात 'देव देईल' म्हणत बसणं बरोबर आहे का?

मांजराकाठची लेक: २०१६ चा उन्हाळा आम्ही लातूरकर विसरूच शकत नाही. मांजरा धरण कोरडंठाक, पाण्यावरून मारामाऱ्या नकोत म्हणून टाक्यांपाशी १४४ कलम, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या गाडीला १० वॅगन, ५ लाख लिटर. आमच्या गल्लीत टँकर आठवड्यातून एकदा, आणि तो गेला की आई पहिला तांब्या तुळशीला घालायची. आम्ही भांडायचो, अगं प्यायला नाही अन् तू.. ती म्हणायची ज्यानं चोच दिली तो चारा पण देईल. बाबा गवंडी, पाण्यावाचून बांधकामं बंद, घरात पैसा नाही, पण ती खचली नाही. आता माझी नोकरी गेलीय दोन महिने झाले, आणि मला सारखं वाटतं की तिचंच बरोबर होतं. तुम्हाला काय वाटतं?

रोखठोक: नोकरीचं वाचून वाईट वाटलं. पण ताई, लातूरला पाणी देवानं नाही आणलं. मिरजेला पाईप जोडणारे, वॅगन धुणारे, रात्रभर गाडी चालवणारे, त्यांनी आणलं. असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, यानंच आपला घात झालाय. ७२ च्या दुष्काळात लोक रस्त्यावर उतरले, काम द्या म्हणाले, म्हणून पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. मागितलं म्हणून मिळालं.

आजीचा नातू: माझी आजी त्याच ७२ मध्ये दुष्काळी कामावर खडी फोडायची हो. हाताला फोड आलेले, चिंधी बांधायची, दुपारी सुकडी मिळायची ती अर्धी पदरात बांधून पोरांना आणायची आणि तोंडात दिवसभर विठ्ठल विठ्ठल. तिला विचारलं असतं तर म्हणाली असती काम पण त्यानंच दिलं. श्रद्धा असणारा माणूस खाटेवर पडून राहतो हे कुणी ठरवलं?

रोखठोक: तुमच्या आजीला नमस्कार. पण पोट खडीनं भरलं.

आजीचा नातू: आणि दिवसभर घण उचलायचं बळ कुठून आलं?

पंढरीची वाट: मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट सगळ्यांना माहीत असेल. दुष्काळात बेदरच्या बादशहाची कोठारं लोकांना खुली केली, आणि विठ्ठल विठू महार होऊन दरबारात जाऊन धान्याचे पैसे भरून आला. लोक पुढचा चमत्कार तेवढा सांगतात. पण आधी दामाजीनं कुलूप काढलं ना! जीव जाईल हे माहीत असून काढलं. माझ्या मते भरवसा म्हणजे ते.

शेतकऱ्याची मुलगी: मी वेगळं सांगते, राग मानू नका. माझे वडील पण पांडुरंग बघून घेईल म्हणायचे. पीक विम्याचा अर्ज राहिला, सावकाराचं व्याज वाढत गेलं, कुणापुढे तोंड उघडलं नाही कारण मागणं म्हणजे देवावर अविश्वास असं त्यांना वाटायचं. तीन वर्षं झाली ते गेले. तुमच्या आईचा तांब्या वाचून मला पहिल्यांदा चीडच आली, तो शेजारच्या एखाद्या बाळंतिणीला दिला असता तर.

मांजराकाठची लेक: ताई, तुमचं वाचून बराच वेळ काही टाईपच करता आलं नाही. चीड येणं बरोबरच आहे. मघाशी सांगायचं राहिलं, आमच्या शेजारी खरंच एक बाळंतीण होती आणि आई दर टँकरला एक कळशी तिच्या दारात ठेवायची, आमच्या वाट्यातली. मी विचारलं आपल्याला कमी पडलं तर? तेव्हाही तेच, तो देईल. म्हणजे दुसऱ्याला द्यायचं धाडस स्वतःला यावं म्हणून ती ते वाक्य म्हणत होती की काय, हे आज लिहिताना वाटतंय.

शेतकऱ्याची मुलगी: मग तुमच्या आईशी माझं भांडण नाही. देवाशी पण नाही. वडिलांच्या दहाव्याला जो आला तो देव बघेल म्हणून चहा पिऊन उठून गेला, त्याचा राग आहे. एक म्हातारी मावशी तेवढी काहीच बोलली नाही, पायलीभर ज्वारी चुलीपाशी ठेवून गेली. तिचं नावसुद्धा मला माहीत नाही.