विहिरीतला तांबडा थर लोहखनिजाचा असू शकतो का?

प्रश्न (औसा, जि. लातूर)
आमच्या विहिरीच्या खोदकामात काळ्या पाषाणाखाली हातभर जाडीचा तांबडा थर लागला असून त्याचा भुगा बोटांना गेरूसारखा माखतो. शेजारच्या ओढ्याच्या वाळूत चुंबक फिरवले की बारीक काळे कणही चिकटतात. गडचिरोलीत सुरजागडला लोहखनिज निघते, मग आपल्याकडे तसा साठा असेल का? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १
नाही. मराठवाड्याचा बहुतेक भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी व्यापलेला आहे. एक थर थंड झाल्यावर त्याचा पृष्ठभाग ऊनपावसाने कुजून माती झाला आणि पुढच्या लाव्हाखाली ती माती गाडली जाऊन भाजली गेली. आपल्याला लागला आहे तो हाच थर. त्याचा रंग हेमेटाइट या तांबड्या लोहखनिजाचा असला तरी माती लाल व्हायला ते थोडेसेच पुरते. ओढ्यातले कण मॅग्नेटाइट या चुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजाचे असून ते बेसॉल्टच्या, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या पाषाणाच्या, झिजेतून सुटतात.

उत्तर २
वरील उत्तरात थोडी भर घालतो. सुरजागडचा खडक कुळानेच निराळा आहे. प्राचीन समुद्रात विरघळलेले लोह सूक्ष्मजीवांनी सोडलेल्या प्राणवायूमुळे तळाशी साचत गेले आणि लोह व सिलिका (वाळूतले मुख्य द्रव्य) यांचे एकाआड एक पट्टे तयार झाले. जगातील असे बहुतेक खडक १८० कोटी वर्षांहून जुने आहेत. मूळ खडकात लोह साधारण ३० टक्के असते, परंतु जिथे पाण्याने सिलिका धुऊन नेली तिथे ते ६० टक्क्यांच्या वर जाते, आणि खाणी तिथेच निघतात. बेसॉल्टमधले दहाएक टक्के लोह मुख्यतः सिलिकेट (सिलिकायुक्त) खनिजांत अडकलेले असल्यामुळे ते काढणे परवडत नाही.

बेसॉल्टखाली काय आहे, हेही आपल्या जिल्ह्यापुरते ठाऊक आहे. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा सुमारे ३३८ मीटरवर बेसॉल्ट संपला आणि गाळाच्या पातळ थराखाली जुना नाइस (उष्णता व दाबाने बदललेला पट्टेदार) खडक लागला, लोहखनिज नव्हे.

उत्तर ३
खातरजमा घरीच करता येईल. ढेकूळ वाळवून पाण्यात टाका. विरघळून गाळ झाला तर ती माती. खरे हेमेटाइट पाण्याच्या पाचपट जड असते, हातात घेताच कळते. मात्र हा थर पाणी लागले की सुटतो आणि वरचा पाषाण अधांतरी राहतो, म्हणून पावसाळ्याआधी तेवढ्या भागाचे बांधकाम करून घ्यावे.