जपानमधल्या आरिता गावच्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांत उन्हाळी जेवण कसे वाढावे?

प्रश्न: माझ्याकडे आरिताच्या पोर्सेलीनच्या काही ताटल्या आणि पेले आहेत. त्यांत थंड सोमेन शेवया व हियायाक्को, म्हणजे थंडगार तोफू, वाढायचे आहे. नक्षी झाकली जाऊ नये म्हणून काय करावे?

उत्तर १: ताटली भरू नये, हे पहिले. सोमेनच्या लहान गुंडाळ्या करून त्या एका बाजूला ठेवाव्यात. पेले सरळ कडांचे असल्यास ते बहुधा सोबाचोको, म्हणजे शेवया बुडवण्याच्या रसाचे पेले, असतील. त्यांत त्सुयू हा सोयासॉसचा पातळ रस अर्धाच ओतावा, म्हणजे काठाच्या आतली निळी रेघ दिसत राहते आणि शेवया बुडवताना तो सांडत नाही.

उत्तर २: तोफू मात्र पांढऱ्या ताटलीत हरवतो, त्यासाठी गडद निळी वाटी घ्यावी. वर किसलेले आले आणि कांद्याची पात पुरे.

उत्तर ३: लाल-सोनेरी इमारी (हा मालही मुख्यतः आरिताचाच, नाव तेवढे 17व्या शतकात तो जिथून जहाजावर चढे त्या बंदराचे) माझ्या मते उन्हाळ्यात जड वाटते. भांडी आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावीत, पण वाढण्यापूर्वी त्यांवर जमलेले पाणी पुसावे.

प्रश्नकर्ता: पेले सरळ कडांचेच निघाले.