सेलेनियमच्या गोळीने प्रोस्टेटचा कर्करोग टळतो का?

रानपाखरू
थोरल्या काकांना प्रोस्टेटचा कर्करोग झाल्यापासून माझे बाबा (वय ६४) रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियमची (शरीराला अत्यल्प लागणाऱ्या एका खनिजाची) गोळी घेत आहेत. तिने हा धोका जवळजवळ दोन-तृतीयांशाने घटतो, असे त्यांच्या वाचनात आले आहे. या दाव्याला कितपत आधार आहे?

सावकाश
आधार आहे, पण गोष्ट अर्धीच सांगितली जाते. हा दावा १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीतून आला; ती मुळात त्वचेच्या कर्करोगासाठी होती. तो होऊन गेलेल्या १,३१२ रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना सेलेनियमयुक्त यीस्ट दिले होते. त्वचेचा कर्करोग काही घटला नाही. प्रोस्टेटचा मात्र पुष्कळ कमी आढळला, आणि बाबांच्या वाचनातला आकडा तिथलाच दिसतो. तो पडताळण्यासाठी २००१ मध्ये ३५,००० हून अधिक पुरुषांवर ‘सिलेक्ट’ ही चाचणी सुरू झाली, पण फायदा दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या बंद करण्यात आल्या. पुढे २०१४ च्या विश्लेषणात असे आढळले की, ज्यांच्या शरीरात आधीच भरपूर सेलेनियम होते, त्यांच्यात या गोळीमुळे आक्रमक प्रकारच्या प्रोस्टेट कर्करोगाचा धोका जवळजवळ दुप्पट झाला.

काळीभोर
थोडी पुरवणी जोडतो. शरीरातील ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजसारख्या विकरांना (एन्झाइमांना) सेलेनियम लागते, पण अगदी थोडे. त्यांची गरज भागल्यावर जादा सेलेनियमने त्यांचे काम वाढत नाही. चीनमधील लिनशियन येथे, जिथे आहारच निकस होता, सेलेनियम, बीटा-कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व एकत्र दिल्यावर जठराच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २१ टक्क्यांनी घटले. अर्थात त्याचे श्रेय एकट्या सेलेनियमला देता येत नाही. आपल्याकडे दुसरे टोकही आहे. पंजाबात नवांशहर-होशियारपूरकडील काही जमिनींतून ते गव्हात अतिप्रमाणात उतरते, आणि शेगाव तालुक्यातील गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडेच बोट दाखवले होते. भारतीय शिफारस रोज ४० मायक्रोग्रॅमची आहे. बाबांची गोळी त्याच्या पाचपट आहे.

रानपाखरू
दोघांचेही आभार. डबीवर ४०० युनिट ई जीवनसत्त्वही लिहिलेले आहे. ते तरी निर्धोक आहे ना?

सावकाश
‘सिलेक्ट’मध्ये नेमकी हीच मात्रा होती. नुसते ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळला; दोन्ही एकत्र घेणाऱ्यांत तेवढी वाढ नव्हती, पण लाभही नव्हता. ती डबी बाजूला ठेवावी आणि सख्ख्या भावाचा आजार सांगून पीएसए या प्रोस्टेटसाठीच्या रक्ततपासणीविषयी मूत्ररोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.