भाऊजी मुलांच्या कॅन्सरसाठी पहिली फुल मॅरेथॉन पळतायत. अनुभव लिहा, शुभेच्छा नकोत

ठाण्याची वहिनी

माझे धाकटे दीर जानेवारीत मुंबई मॅरेथॉन पळणार आहेत. फुल, म्हणजे 42.195 किलोमीटर, आणि तीही पहिल्यांदाच. शिवाय कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या मुलांच्या राहण्याखाण्याची सोय बघणाऱ्या एका संस्थेसाठी पैसे जमवायचेत. अंबरनाथच्या एमआयडीसीत शिफ्ट ड्यूटी, रविवारी पहाटे येऊरच्या डोंगरात पळणं, उरलेल्या वेळात लोकांना मेसेज. पावसाळ्यात उत्साह नुसता उतू जात होता. आता डिसेंबर उजाडलाय आणि माणूस गप्प झालाय. गेल्या रविवारी मोठा रन अर्ध्यात सोडून रिक्षाने घरी आले. त्याच संध्याकाळी एका नातेवाइकाने ऐकवलं, "पैसेच द्यायचेत तर सरळ दे ना, एवढी फरफट कशाला?" तेव्हापासून बूट गॅलरीत पडलेत.

मला पळण्यातलं ओ की ठो कळत नाही. "तुम्ही कराल हो भाऊजी" म्हटलं की त्यांचा चेहरा आणखीच पडतो. म्हणून हा धागा. कोणी अशा कामासाठी पळलं असेल, कोणाच्या घरी मूल आजारी असेल किंवा होतं, कोणी नुसतं रस्त्याच्या कडेला उभं राहिलं असेल, त्यांनी लिहा. हात जोडलेले इमोजी त्यांच्या फोनवर ढिगाने आलेत, ते नकोत. मी हे सगळं प्रिंट काढून डब्याच्या पिशवीत घालणार आहे.

यवतमाळची आई

माझ्या मुलाला पाचव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर निघाला. एएलएल म्हणतात त्याला, लहान मुलांत हाच सगळ्यात जास्त आढळतो. यवतमाळहून नागपूर, तिथून मुंबई. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, बरा होणारा आजार आहे, पण उपचार दोन-अडीच वर्षं चालतील आणि मध्येच सोडायचे नाहीत. "सोडायचे नाहीत" हे ते पुन्हा पुन्हा का बजावत होते ते नंतर कळलं. औषधांचा बराचसा खर्च सरकारी योजनेतून आणि ट्रस्टांकडून निघाला. न निघणारा खर्च वेगळाच असतो. खोलीचं भाडं. टॅक्सी, कारण पांढऱ्या पेशी उतरलेलं लेकरू लोकलच्या गर्दीत नेता येत नाही. आणि गावाकडे वेचायचा राहिलेला कापूस. आमच्या ओळखीचं एक कुटुंब सणाला म्हणून गावी गेलं, ते परत आलंच नाही. त्या पोराचं काय झालं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पहिल्या महिन्यात स्टिरॉइड असतात. त्यांनी भूक अशी लागते की विचारू नका. हा रात्री दोनला उठून वरणभात मागायचा, तोही गरम, वर तूप. शिळं चालत नाही, बाहेरचं चालत नाही. आधी आम्ही लॉजवर होतो, तिथे रडण्याशिवाय उपाय नव्हता. मग एका संस्थेत खोली मिळाली, तिथे प्रत्येक कुटुंबाला आपली शेगडी होती. रात्री दोनला कुकर लावता येणं ही काय चीज आहे, ते माझ्यासारखीलाच विचारा. पुढे दीड-दोन वर्षं रोज रात्री गोळ्या. वजनाप्रमाणे डोस, म्हणून कधी पाऊण, कधी अर्धी. गोळीसाठी स्टीलची ताटली वेगळी काढलेली, तिच्यात तुकडे करायचे, घासायचीही वेगळी. ती ताटली अजून कपाटात आहे, टाकवत नाही.

एकदा मॅरेथॉन पळणारे काही जण मुलांना भेटायला आले होते. माझ्या मुलाने त्यातल्या एकाला विचारलं, "बेचाळीस किलोमीटर? मागं कुत्रं लागलं होतं का?" तो दादा हसून हसून खालीच बसला. मुलगा आता सहावीत आहे आणि गणितात कच्चा आहे, म्हणजे सगळं ठीक आहे.

त्या नातेवाइकांना एकच विचारा: तुम्ही सरळ किती दिले?

सातारकर

मी चार शब्द पळण्याबद्दलच लिहितो.

लोक सांगतात, दमलास की त्या मुलांचा विचार कर. मला तर पस्तिसाव्या किलोमीटरला मुलांचाच काय, बायकोचाही विचार सुचला नाही. तिथे उपयोगी पडतं ते मीठ, साखर आणि आधी नीट घेतलेली झोप. अंगात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंमधला साखरेचा साठा, साधारण तिसाव्या किलोमीटरच्या पुढे संपत येतं आणि पाय आपले राहत नाहीत. मन खंबीर करून ते भरून येत नाही. सुरुवातीपासून थोडं थोडं पोटात जावं लागतं. दर अर्ध्या-पाऊण तासाला जेल (पळणाऱ्यांसाठीचा साखरेचा घट्ट पाक), नाहीतर खजूर, चिक्की, जे पोटाला मानवेल ते. आणि जे त्या दिवशी खायचं ते आधी रविवारच्या रनला खाऊन बघायचं. नवीन बूट, नवीन मोजे, नवीन जेल, काही म्हणजे काही त्या दिवशी पहिल्यांदा नको.

अर्ध्यात सोडलेल्या रनचं दुःख करू नका. शिफ्ट करून पळणाऱ्याचं शरीर कधीतरी संप पुकारणारच. दुखणं एकाच जागी बोट ठेवून दाखवता येत असेल आणि पळताना वाढत असेल तर फिजिओकडे जा. सगळंच दुखत असेल तर ते दुखणं नाही, डिसेंबर आहे. राहिलेला रन पुढच्या आठवड्यात दुप्पट करून भरून काढायचा मोह मात्र आवरा. शेवटचे दोन-तीन आठवडे तसंही अंतर कमीच करायचं असतं.

मी पळालो तेव्हा परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ लागला. यवतेश्वरचा घाट पायाखालून गेलेल्या माणसाला तो चढ म्हणायलाही लाज वाटावी. पण तो आला पस्तीसच्या आसपास, ऊन चढल्यावर. मी सरळ चाललो. चालणाऱ्याचं मेडल काढून घेत नाहीत.

कल्याणची अकाउंटंट

पैसे जमवण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी हाफ मॅरेथॉन पळाले होते, अशाच कारणासाठी. सोसायटीच्या ग्रुपवर संस्थेने दिलेला तयार मेसेज टाकला, वर मुलांच्या कॅन्सरची खूण असलेल्या सोनेरी रिबिनीचं चित्र. निळ्या टिका सगळ्यांच्या आल्या, पैसे कोणाचेच नाहीत. मग एकेकाला वेगवेगळं, आपल्या भाषेत लिहिलं: "काका, गावाहून आलेल्या एका कुटुंबाला हॉस्पिटलजवळ राहायला जागा मिळावी म्हणून मी पळतेय. तुमचे पाचशे चालतील." रक्कम सांगितली की माणसाला सोपं जातं, नाहीतर तो हजार द्यावे की दोन, या विचारात आठवडा घालवतो. सगळ्यात आधी पैसे आले ते आमच्या इस्त्रीवाल्याकडून.

80जीची, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीची, पावती मिळेल का, हे सगळे विचारतात. पॅन नंबर आधीच मागून ठेवा. आणि नव्या कररचनेत असलेल्यांना ती सूट मिळत नाही, हे प्रामाणिकपणे सांगा. मी सांगितलं, तरी एकानेही पैसे परत मागितले नाहीत.

वॉर्डातली सिस्टर

माझी ड्यूटी मुलांच्या कॅन्सर वॉर्डात. दोन गोष्टी. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी 80 टक्क्यांहून जास्त बरी होतात, गरीब देशांत 30 टक्क्यांहून कमी. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये ठरवलं की 2030 पर्यंत सगळीकडे निदान 60 टक्के मुलं वाचली पाहिजेत. हा फरक काही सगळाच औषधांचा नाही. उशिरा निदान होणं आणि उपचार अर्धवट सुटणं ही त्यातली मोठी कारणं. म्हणजे खोली, जेवण, प्रवास, बापाचा बुडालेला रोज. दीर ज्यासाठी पळतायत तेच.

दुसरं, पळणाऱ्यांना उत्साहाच्या भरात रक्तदान करावंसं वाटतं. चांगलंच आहे, पण रेसच्या आधीच्या आठवड्यांत नको, हिमोग्लोबिन उतरतं. मेडल मिळाल्यावर या. दात्यांकडून घेतलेल्या प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) फार तर पाचेक दिवस टिकतात, त्यामुळे आम्हाला दाते बारा महिने हवे असतात.

टोरांटोहून

इथे दर सप्टेंबरला टेरी फॉक्स रन असते. ना बक्षीस, ना वेळेची नोंद, ज्याला जमेल त्याने जमेल तेवढं पळावं. माझी मुलगी शाळेतून धावते, म्हणून मी टेरी फॉक्स या कॅनडातल्या मुलाबद्दल वाचलं. हाडाच्या कॅन्सरमुळे 1977 मध्ये अठराव्या वर्षी त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून काढला. हॉस्पिटलमध्ये आजूबाजूची मुलं बघून त्याने ठरवलं की कॅन्सर संशोधनासाठी कॅनडा पळत ओलांडायचा. 12 एप्रिल 1980 ला कॅनडाच्या पूर्व टोकाच्या सेंट जॉन्सहून निघाला, कृत्रिम पायावर, रोज जवळपास एक मॅरेथॉन. 1 सप्टेंबरला ऑन्टारिओ प्रांतातल्या थंडर बेजवळ थांबावं लागलं, कॅन्सर फुप्फुसात पोचला होता. 143 दिवस, 5,373 किलोमीटर. पुढच्या जूनमध्ये तो गेला.

पण भाऊजींसाठी यातला मधला भाग. सुरुवातीला त्याच्याकडे फारसं कोणी लक्षच देत नव्हतं. न्यूफाउंडलंडमधल्या पोर्ट ओ बास्क नावाच्या छोट्या गावाने दहा हजार डॉलर दिले, आणि पुढे अख्ख्या क्वेबेक प्रांतात त्याला जवळपास कोणी विचारलं नाही. तो वैतागला, बरोबरच्या मित्राशी भांडला, आणि दुसऱ्या दिवशी पळाला. भाऊजींचं सध्या क्वेबेक चाललंय.

एक बाबा

आमची मुलगी राहिली नाही. उपचार पूर्ण केले होते, आजार उलटला. त्यामुळे "तुमच्या पळण्याने मुलं वाचतील" अशी वाक्यं मला वाचवत नाहीत. तरी मी दर वर्षी एका पळणाऱ्याला पैसे देतो. शेवटच्या काही महिन्यांत आम्हाला परळजवळ राहायला जागा होती, तिची आई आणि मी दोघंही तिच्याजवळ राहू शकलो. ती जागा कोणाच्या तरी पैशांवर चालत होती. तुमच्या दिरांची लिंक पाठवा. नाव टाकणार नाही.

पळणाऱ्याची बायको

प्रोत्साहन त्याला सगळं जग देतं, पहाटे चारचा अलार्म मात्र मला उठवतो! शनिवारी लग्नकार्य असलं तर "लवकर निघू या, उद्या लाँग रन आहे". घरभर बामचा वास. पायाच्या नखाचा रंग काळा झाला तो मला कौतुकाने दाखवतो. वहिनी, दिरांच्या घरात जी कोणी डबा करत असेल तिलाही एक धागा काढा.

गंमत सोडा. आमच्याकडे उपयोगी पडली ती एक गोष्ट: मी "आज किती झाले?" विचारणं बंद केलं. आल्यावर पोहे समोर ठेवायचे आणि गॅस सिलेंडरबद्दल बोलायचं. तो मग आपणहून सांगतो.

एसवायबीकॉम

मी स्वतः लहानपणी या आजारातून गेलोय. काही औषधांचा हृदयावर परिणाम होऊ शकतो म्हणून अजूनही ठरावीक काळाने इको (हृदयाची सोनोग्राफी) काढतात. डॉक्टरांनी हिरवा कंदील दिल्यावर मागच्या वर्षी दहा किलोमीटर पळालो. घरच्यांनी ताप आल्यासारखी काळजी केली. भाऊजी, रन सोडून रिक्षाने आलात ना? मी एकदा केमोच्या दिवशी हॉस्पिटलच्या गेटवरून पळून गेलो होतो, रस्त्यापर्यंत. आईने पकडून आणलं. पुढच्या वेळी गपचूप गेलो. एवढंच.

शिवाजी पार्कच्या काकू

आम्ही बिल्डिंगमधल्या सगळ्या जणी दर वर्षी उभ्या असतो. आदल्या रात्री संत्री आणायची, पहाटे सोलून फोडी करायच्या, अर्ध्यांवर मीठ. पाण्याच्या बाटल्या संयोजक देतातच, त्यामुळे मीठ लावलेली फोड आणि चिक्कीचा छोटा तुकडा जास्त खपतो. पूर्ण चिक्की देऊ नका, पळताना दात अडकतात. थाळी वाजवायला नातवंडं आहेत. "थोडंच राहिलंय" असं ओरडायचं नाही, हा आमचा नियम. इथून अजून बरंच राहिलेलं असतं आणि ते त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. नावाने हाक मारली की मात्र मान वर होते. म्हणून दिरांना टी-शर्टवर नाव मोठ्या अक्षरांत लिहायला सांगा, देवनागरीत, चष्म्याशिवाय दिसेल असं. आणि वहिनी, तुम्ही रिकाम्या असाल तर सहाच्या आत या. संत्री सोलायला माणसं कमी पडतात.